रात्रीच्या वेळी मेंदूचा सी.टी. स्कॅन : गरज कोणाला, केव्हा आणि का

वार्षिक अहवालात जमाखर्च व कामकाजाच्या तपशिलाबरोबर रुग्णांच्या नातेवाईकांना उपयोगी पडेल अशा एका वैद्यकीय विषयाचा परिचय करून देण्याची आमची प्रथा आहे. यंदा आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे, की ज्यावरून अपघात विभागाच्या दारात डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यात वारंवार गैरसमज होतात, आणि तेही बहुधा मध्यरात्रीनंतर.

प्रसंग आमच्या परिचारिकांना पाठ झाला आहे. मुलगा पलंगावरून पडलेला असतो, कपाळावर टेंगूळ असते. आईचा जीव थाऱ्यावर नसतो. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, ‘स्कॅनची गरज नाही, चार तास येथे थांबा, आम्ही लक्ष ठेवतो.’ नातेवाईकांना वाटते की डॉक्टर टाळाटाळ करीत आहेत. कोणी म्हणते, पैसे भरायला तयार आहोत. कोणी ओळखीच्या मोठ्या माणसाचा दूरध्वनी जोडून देते. याच्या उलट प्रसंगही घडतो. आजोबा न्हाणीघरात घसरलेले असतात, व्यवस्थित बोलत असतात, आणि डॉक्टर तातडीने स्कॅन करावयास सांगतात. तेव्हा नातेवाईकांना वाटते की रुग्णालय बिल वाढवीत आहे.

दोन्ही वेळी डॉक्टर एकाच नियमावलीने वागत असतात. ती नियमावली कशी तयार झाली, रात्री ती अधिक काटेकोरपणे का पाळावी लागते, आणि आमचे स्वतःचे कोठे चुकले, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

यंत्र काय दाखवते आणि काय दाखवत नाही

सी.टी. स्कॅन येण्यापूर्वी डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीचा साधा क्ष-किरण फोटो काढीत असत. त्यात हाड मोडलेले दिसे. आत साचलेले रक्त दिसत नसे. इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेण्यात आले, आणि जिवंत माणसाच्या कवटीच्या आतील रक्तस्राव कवटी न उघडता पाहता येऊ लागला. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी एकेका छेदाला काही मिनिटे लागत. आज संपूर्ण डोक्याचा स्कॅन काही सेकंदांत होतो.

ताजा रक्तस्राव, कवटीचे अस्थिभंग, मेंदूला आलेली मोठी सूज, मेंदूवर पडणारा दाब या गोष्टी सी.टी. उत्तम दाखवतो. यासाठी साधा स्कॅन पुरतो. शिरेतून औषध देण्याची गरज नसते. परंतु त्याला मर्यादाही आहेत. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत रक्तवाहिनी तुंबलेली असूनही चित्र स्वच्छ दिसू शकते. मार लागल्यानंतर आठवडेभर डोके दुखणे, चिडचिड होणे, लक्ष न लागणे असा त्रास ज्या रुग्णांना होतो, त्यांचा स्कॅन बहुधा पूर्णपणे सामान्य असतो. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काहीच झालेले नाही’ असा नव्हे, आणि ‘स्कॅन केला नाही’ याचा अर्थ ‘तपासणीच झाली नाही’ असाही नव्हे.

रात्र वेगळी का?

दिवसा क्ष-किरणतज्ज्ञ विभागात हजर असतात. तंत्रज्ञ एकाहून अधिक असतात. रुग्णाला नेण्या-आणण्यास माणसे असतात. शंका आली तर चित्र समोर ठेवून दोन डॉक्टर चर्चा करू शकतात. रात्री हे चित्र बदलते. एकच तंत्रज्ञ असतो. अनेक ठिकाणी त्याला घरून बोलवावे लागते. प्रतिमा संगणकाच्या जाळ्यावरून दूर असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवल्या जातात व तात्पुरता अहवाल येतो. अंतिम अहवाल सकाळी होतो. या दोहोंत कधी फरक निघतो, आणि मग घरी गेलेल्या रुग्णाला परत बोलवावे लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, स्कॅनसाठी रुग्णाला अपघात विभागाबाहेर न्यावे लागते. सोबत परिचारिका व बऱ्याचदा निवासी डॉक्टरही जातात. तेवढा वेळ अपघात विभागातील उरलेल्या रुग्णांवरचे लक्ष कमी होते. घाबरलेले लहान मूल टेबलावर स्थिर राहत नसेल तर त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. त्यात श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि मूल झोपेत असताना त्याच्या शुद्धीवर लक्ष ठेवणेही कठीण होते. लक्ष ठेवायचे होते ते नेमके त्या शुद्धीवरच.

एका रात्रीचा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. एका तरुणाला किरकोळ मार होता. तपासणीत चिंतेचे काहीही नव्हते. परंतु सोबतच्या मंडळींचा आग्रह वाढत गेला आणि अखेर आमच्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. तरुण टेबलावर असतानाच अर्धांगाचा झटका आलेल्या एका गृहस्थांना आणण्यात आले. त्यांना थांबावे लागले. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला आहे. त्या गृहस्थांची मिनिटे दुसऱ्याच्या समाधानासाठी खर्च झाली. त्यात तरुणाच्या नातेवाईकांचा दोष नव्हता. त्यांना समजावून सांगण्यात आम्ही कमी पडलो होतो.

क्षणाचाही विलंब नको असे रुग्ण

काही रुग्णांच्या बाबतीत वेळ कोणतीही असो, चर्चा न करता स्कॅन करावाच लागतो. मात्र त्यापूर्वी श्वासमार्ग मोकळा आहे ना, रक्तदाब सांभाळला आहे ना, आणि बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली आहे ना, एवढे पाहणे अनिवार्य आहे. साखर फार कमी झालेला मधुमेही रुग्ण हुबेहूब अर्धांगाच्या रुग्णासारखा दिसू शकतो. त्याला ग्लुकोजची गरज असते, स्कॅनची नव्हे.

शुद्ध मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या शल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल यांना गुण दिले जातात. पूर्ण शुद्धीतील माणसाला १५ आणि सर्वांत खोल बेशुद्धीत ३ गुण मिळतात. मार लागलेल्या रुग्णाचे गुण १२ वा त्याहून कमी असतील, दोन तासांनंतरही ते १५ वर आले नसतील, कवटी दबलेली वा उघडी झालेली वाटत असेल, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल, डोळ्यांभोवती वा कानामागे काळेनिळे वर्तुळ उमटले असेल, मार लागल्यानंतर फिट आली असेल, एक हात किंवा पाय लुळा पडला असेल, किंवा एकापेक्षा अधिक वेळा उलटी झाली असेल, तर हा धोका ओळखल्यापासून एका तासाच्या आत प्रौढ रुग्णाचा स्कॅन व्हावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचे २०२३ चे मार्गदर्शन सांगते.

येथे मद्यपान केलेल्या रुग्णाविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. रात्री येणाऱ्या अपघातग्रस्तांपैकी काहींच्या तोंडाला दारूचा वास येतो आणि ‘उतरली की शुद्धीवर येईल’ असे सर्वांनाच वाटते. दारू शुद्ध मंदावते हे खरे, परंतु ती मेंदूतील रक्तस्राव झाकूनही टाकते. अशा रुग्णाची शुद्ध ठरावीक अंतराने मोजून लिहिली पाहिजे आणि ती सुधारत नसेल तर दारूला दोष न देता स्कॅन केला पाहिजे.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाचे काय?

खरा प्रश्न उरतो तो बोलत्याचालत्या रुग्णाचा. बहुसंख्य रुग्ण असेच असतात, आणि त्यांपैकी अगदी थोड्यांच्या डोक्यात गंभीर इजा असते. ते थोडे ओळखावेत कसे?

कॅनडातील इयन स्टिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० रुग्णालयांतील ३,१२१ प्रौढ रुग्णांचा अभ्यास करून २००१ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला. काही क्षण शुद्ध हरपलेले, घटना न आठवणारे किंवा गोंधळलेले, परंतु रुग्णालयात १३ ते १५ गुणांवर असलेले असे हे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ८ टक्के रुग्णांत महत्त्वाची इजा आढळली आणि सुमारे १ टक्का रुग्णांना मेंदूविषयक शस्त्रक्रियेसारखा उपचार लागला. वर सांगितलेल्या लक्षणांपैकी दोन तासांनी १५ गुण न होणे, कवटी दबणे वा उघडी होणे, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची चिन्हे, दोन वा अधिक उलट्या, आणि यांच्या जोडीला ६५ वर्षे वा त्याहून अधिक वय, या पाच गोष्टींनी उपचार लागलेले सर्व रुग्ण ओळखता आले. अपघातापूर्वीची अर्धा तास वा अधिक वेळेची स्मृती पुसली जाणे आणि अपघाताचे स्वरूप धोक्याचे असणे या आणखी दोन गोष्टी त्यांनी जोडल्या. पादचाऱ्याला वाहनाने उडवणे, वाहनातून बाहेर फेकले जाणे, तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांवरून खाली पडणे हे धोक्याचे प्रकार होत.

हा नियम १६ वर्षांखालील मुले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि मार लागल्यावर फिट आलेले रुग्ण यांना लागू नाही. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. बाकीच्यांत यांपैकी एकही गोष्ट नसेल तर स्कॅन टाळणे ही काटकसर नसून शास्त्र आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मार्च २००९ मध्ये सुप्रसिद्ध अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर घसरून पडल्या. सुरुवातीला त्यांना काहीच वाटत नव्हते; मदत घेण्याचेही त्यांनी नाकारले. काही वेळाने डोके दुखू लागले, प्रकृती झपाट्याने ढासळली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामधील रक्तस्राव हे त्याचे कारण होते. ‘मग प्रत्येकाचाच स्कॅन का करू नये?’ असे नातेवाईक विचारतात.

या दुर्दैवी घटनेचा खरा धडा असा, की अशा रक्तस्रावात मार लागल्यावर काही काळ रुग्ण पूर्ण सावध असू शकतो. त्या काळात त्याला एकटे सोडू नये आणि पहिला बदल दिसताच वेळ दवडू नये. आम्ही रुग्णाला थांबवून घेतो, दर अर्ध्या तासाने शुद्ध, नाडी, रक्तदाब, बाहुल्या व हातापायांची ताकद नोंदवतो, ते यासाठीच. निरीक्षण म्हणजे काही न करणे नव्हे. त्यात एक गुण जरी कमी झाला तरी रात्रीचे कितीही वाजले असोत, स्कॅन होतो. मग तंत्रज्ञाला झोपेतून उठवावे लागले तरी हरकत नाही.

लहान मुले

मुलांविषयीचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतील २५ रुग्णालयांत झाला व नेथन कुपरमन आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ४२,४१२ मुलांपैकी ३७६ मुलांना महत्त्वाची इजा होती आणि त्यांतील ६० जणांना मेंदूची शस्त्रक्रिया लागली. उरलेल्यांना पालकांइतकीच काळजी हवी होती. यंत्राची गरज नव्हती.

दोन वर्षांखालील बाळाच्या बाबतीत आम्ही सहा गोष्टी पाहतो : शुद्धीत फरक, कवटीला लागणारा अस्थिभंग, कपाळाखेरीज अन्यत्र आलेले टेंगूळ, पाच सेकंद वा अधिक काळ शुद्ध जाणे, जोराचा अपघात किंवा तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे, आणि आईच्या मते बाळ नेहमीसारखे न वागणे. शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. ‘हा असा कधी नसतो हो,’ हे आईचे वाक्य शास्त्राने प्रमाण मानले आहे. मोठ्या मुलांत शुद्धीतील फरक, शुद्ध हरपणे, उलटी, तीव्र डोकेदुखी, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची चिन्हे आणि जोराचा अपघात किंवा पाच फुटांहून अधिक उंचीवरून पडणे या गोष्टी पाहतात. यांपैकी काहीही नसेल तर महत्त्वाच्या इजेची शक्यता २,००० मुलांत एकापेक्षाही कमी असते. शुद्धीतील फरक किंवा अस्थिभंगाची चिन्हे असतील तर स्कॅन करावाच. उरलेल्यांपैकी एखादीच गोष्ट असेल तर काही तास निरीक्षण करून निर्णय घेता येतो, आणि तो पालकांशी बोलूनच घ्यावा.

मुलांबाबत एवढी सावधगिरी का, याचे उत्तर क्ष-किरणांत आहे. प्रौढाच्या डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण २ मिलीसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतेच. म्हणजे एका स्कॅनची मात्रा निसर्गाच्या सुमारे दहा महिन्यांच्या मात्रेएवढी, किंवा छातीच्या सुमारे शंभर फोटोंएवढी झाली. गरज असेल तेव्हा ही मात्रा अगदी क्षुल्लक आहे. गर्भवती स्त्रीलाही गरजेचा डोक्याचा स्कॅन नाकारू नये, कारण गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. परंतु मुलांच्या वाढत्या पेशी अधिक नाजूक असतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दहा वर्षांखालील १०,००० मुलांचे डोक्याचे स्कॅन केले, तर पुढील दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या अर्बुदाचा एक रुग्ण वाढू शकतो. गरजेच्या स्कॅनपासून मागे हटावे एवढा हा धोका मोठा नाही. पण केवळ मनाच्या समाधानासाठी तो पत्करावा, एवढा लहानही नाही.

वृद्ध रुग्ण आणि आमची एक चूक

वयोमानाने मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या आवरणाखालील शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपू लागते. हृदयाच्या झडपेसाठी वा अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर धोका आणखी वाढतो.

काही वर्षांपूर्वी एक आजी रात्री आमच्याकडे आल्या. न्हाणीघरात घसरल्या होत्या. शुद्ध गेली नव्हती, उलटी नव्हती. भुवईवरची जखम शिवली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्यांना घरी पाठवले. तीन आठवड्यांनी मुलगा त्यांना पुन्हा घेऊन आला. आजी नावे विसरत होत्या, चालताना एका बाजूस झुकत होत्या. घरच्यांना वाटले, वय झाले. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली साचलेले जुने रक्त दिसले. कवटीला छिद्रे पाडून ते काढण्यात आले आणि आजी आपल्या पायांनी घरी गेल्या. त्यानंतर आम्ही पहिल्या रात्रीचा केसपेपर काढून पाहिला. त्यावर कोणत्या गोळ्या चालू आहेत, हा प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता. त्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या.

पहिल्या रात्री स्कॅन केला असता, तर तो कदाचित स्वच्छही आला असता. असे रक्त दिवसेंदिवस हळूहळू साचते. म्हणून आमची चूक केवळ स्कॅन न करण्याची नव्हती. आम्ही एक प्रश्न विचारला नाही आणि घरच्यांना पुढच्या आठवड्यांत काय पाहावे ते लिहून दिले नाही. आता डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘रक्त पातळ करणारे औषध : होय / नाही / कोणते’ हा रकाना भरल्याशिवाय रुग्णाला सोडले जात नाही. केवळ ॲस्पिरिनची एक गोळी वगळता अशी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत लक्षणे नसली तरी स्कॅनचा विचार केला जातो.

मार नसताना

सर्वांत तातडीचा रुग्ण पक्षाघाताचा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडले, तर ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि रक्तस्राव नाही हे स्कॅनने पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवले. तरीही लवकर आलेल्याचा लाभ मोठाच असतो. रुग्ण शेवटचा केव्हा ठीक दिसला होता, ती वेळ नातेवाईकांनी नक्की सांगावी. त्या एका उत्तरावर सारा उपचार ठरतो.

डोकेदुखी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. परंतु क्षणार्धात कळसाला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, सोबत मान आखडणे वा शुद्ध जाणे, ही मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची चाहूल असू शकते. पहिल्या सहा तासांत आधुनिक यंत्रावर केलेला आणि तज्ज्ञाने पाहिलेला स्कॅन असा रक्तस्राव जवळजवळ नेहमीच पकडतो. नंतर त्याची खात्री कमी होत जाते व कण्यातील पाणी तपासावे लागू शकते.

पहिल्यांदाच फिट आलेल्या रुग्णात स्कॅन उपयुक्त ठरतो. आपल्या देशात मेंदूतील जंताच्या गाठी हे फिट येण्याचे एक परिचित कारण आहे. परंतु नेहमीच्या फिटच्या रुग्णाने दोन दिवस गोळ्या चुकवल्या आणि फिट येऊन तो पूर्ववत सावध झाला, तर गोळ्या पुन्हा सुरू करणे हाच उपचार होय. तसेच उभ्या उभ्या घेरी येऊन पडलेल्या आणि लगेच सावध झालेल्या रुग्णाचे कारण बहुधा हृदय वा रक्तदाब यांत असते. त्याचा हृदयालेख काढावा. चेतासंस्थेची तपासणी निर्दोष असेल व डोक्याला मार नसेल, तर मेंदूच्या स्कॅनने काहीही साधत नाही. ताप, मान आखडणे व भ्रम असेल आणि स्कॅनला वेळ लागणार असेल, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस स्कॅनची वाट न पाहता द्यावा.

आणखी एक गोष्ट छोट्या गावांतील मंडळींसाठी. ज्या ठिकाणी मेंदूचे शल्यचिकित्सक नाहीत, तेथे खालावत चाललेल्या रुग्णाचा स्कॅन करण्यात तास घालवण्यापेक्षा त्याला स्थिर करून योग्य ठिकाणी पाठवणे श्रेयस्कर. स्कॅन झालाच असेल, तर केवळ कागदी अहवाल न आणता प्रतिमांची सी.डी. सोबत आणावी, पुन्हा स्कॅन करण्याची वेळ त्यामुळे टळते.

घरी गेल्यानंतर

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला सोडताना आम्ही एक छापील पत्रक देतो. त्यातील मजकूर येथे देत आहोत. तो घरात जपून ठेवावा.

• पहिले २४ तास रुग्णाला एकटे ठेवू नये. झोप येणे स्वाभाविक आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्यास ठरावीक वेळी उठवून त्याचे नाव व ठिकाण विचारावे.
• वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, उठवूनही न उठणे, असंबद्ध बोलणे, फिट, हातपाय अशक्त होणे, दुहेरी दिसणे, नाकाकानातून पाणी येणे यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब परत यावे. रात्र आहे म्हणून थांबू नये.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक वा झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. मद्य घेऊ नये.
• वृद्ध व्यक्तीच्या चालण्यात, बोलण्यात वा स्वभावात पुढील काही आठवड्यांत बदल दिसल्यास ‘वयाचा परिणाम’ समजू नये.

विश्वस्त, देणगीदार व नातेवाईक यांना विनंती

दानशूर व्यक्तींच्या आधारावर उभ्या राहिलेल्या संस्थेत एखादे महाग यंत्र आले, की त्यावर किती रुग्ण तपासले हा आकडा अहवालात मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह होतो. आमची विश्वस्त मंडळास व देणगीदारांस नम्र विनंती आहे, की सी.टी. यंत्राचे यश त्या आकड्यावरून मोजू नये. ज्याला गरज होती त्याला ते किती लवकर मिळाले, आणि ज्याला गरज नव्हती त्याचे पैसे, किरण व रात्र किती वाचली, हे खरे माप होय. निर्धन रुग्ण निधीतून होणारा एक अनावश्यक स्कॅन म्हणजे दुसऱ्या एखाद्या निर्धनाच्या औषधाचा पैसा होय, हे आम्ही स्वतःलाही सतत बजावत असतो. आपल्या देणगीचा काही भाग यंत्राऐवजी रात्रपाळीच्या प्रशिक्षित परिचारिकांसाठी वापरण्यास अनुमती द्यावी, अशीही प्रार्थना आहे. कारण निरीक्षण यंत्र करीत नाही, माणूस करतो.

नातेवाईकांना सांगणे एवढेच, की डॉक्टरांना ‘स्कॅन का नाही?’ असे अवश्य विचारावे. तसेच ‘स्कॅन कशासाठी?’ असेही विचारावे. दोन्हींचे उत्तर सोप्या मराठीत मिळणे हा आपला हक्क आहे. ते मिळाले नाही तर आमच्या कार्यालयात तसे लिहून द्यावे; आजींच्या मुलाने जाब विचारला म्हणूनच आमच्या केसपेपरवर तो रकाना आला.

आणि शेवटी, स्कॅन टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय रुग्णालयाबाहेरच आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. हेल्मेट बांधून दुचाकी चालवावी, मागे बसणाऱ्यानेही ते घालावे, न्हाणीघरात वृद्धांसाठी धरायला दांडी बसवावी, गच्चीला कठडा असावा. अपघातग्रस्त दिसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे व मदतीस कचरू नये. सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण दिलेले आहे.

अपघात विभागाचे दार रात्रभर उघडे ठेवणे आपल्या पाठबळामुळेच शक्य होते. त्या दारातून आत आलेल्या प्रत्येकाला जे हवे ते, जेवढे हवे तेवढे आणि हवे तेव्हा मिळावे, एवढाच आमचा प्रयत्न आहे.